कोरा रकाना

चंपतराव : …ते सारं ठीक हाय, पण मोबाइल बंद काऊन ठेवला? दोन दिस झाले. आन इथी रेंज नाही असं नको सांगू, टावर उभा राह्यला आता गावात.

सुनयना : बाबा, तुमची जुडी सैल झाली. मेथी सांडून राह्यली पाहा.

चंपतराव : सांडू दे. तुही माय पहाटे आदिलाबादच्या बाजारात निंगाली तवा मले बजावून गेली, पोरीले इचारा म्हणे. हैदराबादची नोकरीवाली पोरगी शुक्रवारी अवचित घरी येते, धड जेवत नाही, फोन बंद. माय काय समजन?

सुनयना : काय समजली?

चंपतराव : कोणी पोरगा असन म्हणे.

सुनयना : पोरगा असता तं परवडलं असतं. सेहेचाळीस ब्रॅकेट हायेत.

चंपतराव : काय हायेत?

सुनयना : ब्रॅकेट. अल्युमिनियमचे, वीतभर. हेलिकॉप्टरात फौजेचे जवान बसतात ना, त्यांच्या सीटा खाली फरशीले धरून ठेवतात ते. आमच्या कारखान्यात बनतात. पास झाले म्हून दस्तखत करणारी मी.

चंपतराव : म्हंजे बनवते तूच.

सुनयना : बनवणारे येगळे. मी फक्त भाराचा हिशेब करते. किती ओढलं तं किती ताण येते, कुठी तुटन, कुठी नाही. तुमी गावभर सांगता ना, आमची पोरगी विमान बनवते म्हून? विमान नाही बनवत, बाबा. तुटन का नाही, तेवढंच सांगते. सहा साल झाले, हेच करून राह्यली.

चंपतराव : मंग सांग ना बाप्पा. त्यात फोन कायले बंद कराचा?

सुनयना : सांगतलं. तुटू शकते म्हून सांगतलं. ते साहेब लोकाइले ऐकाचं नाही.

चंपतराव : खराब माल हाय का?

सुनयना : माल सोन्यासारखा. बोल्टाचं भोक चुकलं. कडेपासून सोळा मिलिमीटर आत पाह्यजे असं नक्षात हाय. साच्यात ब्रॅकेट बसवतात आन भोक पाडतात. त्या साच्याची खिट्टी घासली, कोणी पाह्यलं नाही. भोक सरकत सरकत कडेपाशी आलं. सर्वांत वाईट हाय त्यात तेरा पॉइंट तीन.

चंपतराव : पट्ट्याचं शेवटचं भोक फाटते तसं फाटन.

सुनयना : तसंच. शंभराचा भार पेलला पाह्यजे असा नियम. हे एक्याण्णव पेलते.

चंपतराव : नऊ कमी.

सुनयना : नऊ कमी.

चंपतराव : आन नवापाई तू घरी येऊन बसली? करून टाक ना दस्तखत.

सुनयना : हे तुमी म्हणता?

चंपतराव : मीच म्हणन, दुसरा कोण म्हणन? नाही म्हणून माणसाले काय भेटते, ते मले मालूम हाय. कंपनीतला कोणी मले सांगाले नाही पाह्यजे.

सुनयना : बेल्लमपल्लीची गोष्ट काढून राह्यले तुमी.

चंपतराव : काढाले ते गेली कुठी? कोळशाच्या खाणीत सरदार होतो मी. लोकाइले वाटे तलवारवाला सरदार. माह्या हातात काठी. पाळीचे लोक आत जाच्या आधी एकट्यानं जाचं, काठीनं छत ठोकत ठोकत. घट्ट असलं तं टण्ण वाजे. वर पोकळी असली तं ढब. मंग वहीत लिहाचं, दस्तखत कराची, तवा तीस माणूस आत. अठरा साल तेच केलं.

सुनयना : आन एक दिस ढब वाजलं.

चंपतराव : वाजलं. म्या म्हटलं दस्तखत नाही करत. पाळी थांबली. दुसरा सरदार आला, त्यानं बी ठोकलं, तो म्हणे टण्ण हाय. त्याचे कान, माहे कान. त्यानं दस्तखत केली, लोक गेले, कोळसा काढला, घरी आले, जेवले. छत नाही पडलं. त्या दिसी नाही, त्या साली नाही. मी रिटायर झालो तवापतोर नाही पडलं. आन माहं नाव काय पडलं? पिरिकी सरदार.

सुनयना : मले बी म्हणत.

चंपतराव : तुले काय म्हणत?

सुनयना : क्वार्टरच्या नळावर. पिरिकीची पोरगी. मले तवा तेलुगू धड येत नव्हतं. मले वाटे तुमची कोणती तरी मोठी पोस्ट हाय. मंग शाळेत बाईले इचारलं, पिरिकी म्हंजे काय. त्या म्हणाल्या भित्रा.

चंपतराव : मले कधी सांगतलं नाही.

सुनयना : काय सांगाचं तुमाले?

चंपतराव : अकरा साल वाट पाह्यली म्या, सुनयना. ते छत पडाची. देव माफ करो मले. माणसं नसताना पडाव, सुट्टीच्या दिसी पडाव, पण एकडाव पडाव. कोणी तरी म्हटलं पाह्यजे, चंपत खरा होता. नाही पडलं. म्हून तुले सांगतो, नवाची गोष्ट हाय, सोडून दे. तुहे ब्रॅकेट बी नाही तुटनार. आन तू मातर जन्मभर पिरिकी राहशीन.

सुनयना : आवाज कसा आला होता, बाबा?

चंपतराव : कवा?

सुनयना : तुमी ठोकलं तवा. त्या दिसी.

चंपतराव : सांगतलं ना, ढब.

सुनयना : मंग तुमी खरेच होते.

चंपतराव : कशाचा खरा? छत तं पडलं नाही!

सुनयना : न पडू दे. ढब वाजलं ना? वहीत तेच लिहाचं होतं, तुमी तेच लिहिलं. छत पडाचं का नाही, ते छताचं काम.

(अंगणात मोटार येऊन थांबते. दार उघडून बंद होतं.)

चंपतराव : आइये साब, आइये. किसका घर होना आपको?

सुरेंद्र : काका, मराठी येतं मला. साताऱ्याचा आहे मी. सुरेंद्र माझं नाव. सुनयना माझ्या टीममध्ये आहे, हैदराबादला.

चंपतराव : मराठी काय? मंग बसा जी, बसा. हे मेथी सरकवतो थोडी. सुनयना, तुहे साहेब आले.

सुनयना : दिसले. पत्ता कोणी दिला, सर?

सुरेंद्र : सपनानं, तुझ्या रूमवरच्या. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला खोटं सांगितलं. म्हटलं, तब्येत विचारायला जातोय.

सुनयना : तब्येत चांगली आहे.

सुरेंद्र : दिसतंय ते. पहाटे पाचला निघालोय मी, गुडीहत्नूरच्या चौकात तीन जणांना विचारलं. तिसऱ्यानं विचारलं, 'ती विमानवाली पोरगी का?' काका, तुम्ही बरीच प्रसिद्धी केलेली दिसते.

चंपतराव : माही एकुलती एक हाय, साहेब. चहा टाकतो.

सुरेंद्र : चहा नको, काका. आम्ही दोघं जरा पाच मिनिटं बोलतो, चालेल?

सुनयना : बाबा इथंच बसतील. त्यांना सांगून झालंय सगळं.

सुरेंद्र : अगं, पण हे ऑफिसचं आहे.

सुनयना : तुमच्या हातातली ही फाइलही ऑफिसची आहे, सर. गेटच्या बाहेर आणायची परवानगी घेतली होती?

सुरेंद्र : बघ, सुरुवातच अशी करू नकोस. मी भांडायला आलो नाहीये. उद्या सोमवार. चौतीस ब्रॅकेट खोक्यात भरून तयार आहेत. बारा आधीच गेलेत. फौजेच्या इन्स्पेक्टरांनी फक्त एक विचारलंय, तुझा मार्चचा जुना कागद चौदा पॉइंट नऊचा आहे आणि हे नवे नग तेरा पॉइंट तीनपर्यंत खाली गेलेत, तर ताणाचा नवा हिशेब द्या. एक पान आहे. तयार केलंय मी. तू फक्त वाच.

सुनयना : वाचलं. मार्जिन अधिक चार आलंय. शुक्रवारी माझं उणे नऊ होतं.

सुरेंद्र : मी फिटिंग फॅक्टर काढला.

सुनयना : तेच म्हटलं, दोन दिवसांत ब्रॅकेट कसा सुधारला.

चंपतराव : हे काय असते? फॅक्टर?

सुनयना : जोड असला की हिशेबात पंधरा टक्के भार जास्त धरतात, बाबा. जोडाच्या आत काय राह्यलं, बोल्ट कसा बसला, ते डोळ्यानं दिसत नाही म्हून. सरांनी ते पंधरा काढून टाकले. लगेच पास.

सुरेंद्र : काका, ती सांगतेय तितकं ते वाईट नाहीये. ही सगळी जास्तीची काळजी असते. काळजीवर काळजी, तिच्यावर आणखी काळजी. धातूची ताकदही आम्ही कमीत कमी धरतो. खरा तुकडा घेऊन ओढलात तर तो एकशे दहालाही तुटणार नाही.

सुनयना : मग ओढून दाखवा. तीन तुकडे मशीनवर लावा, तुटेपर्यंत ओढा. एकशे दहा आले तर मी आनंदानं फॅक्टर काढते.

सुरेंद्र : टेस्टला तीन आठवडे लागतात.

सुनयना : मग तीन आठवडे थांबा.

सुरेंद्र : माल उद्या जायचाय, सुनयना! मी वर काय सांगू? तू असं बोलतेस जणू मी कुणाचा जीव घ्यायला निघालोय. तुला फॅक्टर लावायला कुणी शिकवलं?

सुनयना : तुम्ही.

सुरेंद्र : मीच ना? पहिल्या वर्षी तू विसरली होतीस, तेव्हा तुझी सगळी शीट परत कोणी केली?

सुनयना : तुम्हीच. पानावर लाल पेननं लिहिलं होतं तुम्ही, 'जोडावर विश्वास ठेवू नये.' ते पान अजून आहे माझ्याकडे. म्हणूनच माझ्यानं काढवत नाही, सर.

चंपतराव : साहेब, एक इचारू? हे ब्रॅकेट रोजच्या उडाणात तुटन का?

सुरेंद्र : नाही, काका. हेच मी सांगतोय. रोजच्या उड्डाणात त्याच्यावर दहावा हिस्सासुद्धा भार येत नाही. हेलिकॉप्टर जोरात आदळलं, तरच त्याचा पूर्ण भार लागतो. तीस वर्षांच्या आयुष्यात ते कदाचित एकदाही आदळणार नाही.

सुनयना : आणि आदळलं तर त्याच दिवशी लागतो.

सुरेंद्र : आदळलं तर.

सुनयना : सर, त्या सीटला दुसरं काम काय आहे? बसायला तर पोतंही चालतं. आदळलं तर माणूस जागेवर राहावा, एवढ्यासाठीच तो ब्रॅकेट आहे. तीस वर्षं काही न करता बसायचं आणि एक दिवस धरून ठेवायचं. त्या एका दिवसाला तुम्ही 'कदाचित' म्हणताय.

सुरेंद्र : ठीक आहे. मग सरळ सांगतो. तू नाही केलीस तर वैभव करणार आहे. त्यानं हो म्हटलंय.

सुनयना : वैभवला येऊन वर्षसुद्धा नाही झालं.

सुरेंद्र : म्हणूनच मी इथं आलो. त्याच्यावर टाकावं असं मलाही वाटत नाही. पण माल जाणार आहे, तू सही कर किंवा नको करू. फरक इतकाच की तू नाही केलीस, तर परवापासून तू कुठल्या तरी कोपऱ्यात बसून जुन्या फायलींना नंबर टाकशील. वरून तसं सांगितलंय मला.

चंपतराव : आयकलं का? असंच बनवतात पिरिकी.

सुरेंद्र : काय म्हणालात?

सुनयना : काही नाही, आमच्या घरचा शब्द आहे. सर, वैभव कशाच्या आधारावर करणार?

सुरेंद्र : तुझ्याच जुन्या कागदाच्या. हा बघ, मार्चमधला. भोक सोळाऐवजी चौदा पॉइंट नऊवर, मार्जिन अधिक दोन, वापरण्यास हरकत नाही, खाली तुझी सही, बाजूला तपासणारा म्हणून माझी. एकदा तू चालवून घेतलंस ना? मग आत्ता एवढं सोवळं कशाला?

सुनयना : तो एकच नग होता. सात नंबरचा. त्याचा पूर्ण हिशेब केला होता, पंधरा टक्के धरून. तो पास होता.

सुरेंद्र : मग 'हा कागद कोणत्या नगांना लागू' त्या रकान्यात सात लिहायचं होतंस. कोरा सोडलास तू. रकाना कोरा म्हणजे सगळ्यांना लागू, हा आपल्याकडचा रिवाज आहे, मी नाही केला. त्याच कागदावर आधीचे बारा गेले.

चंपतराव : थांबा, थांबा. काय म्हटलं तुमी? एका ब्रॅकेटची दस्तखत तुमी साऱ्याले लावली?

सुरेंद्र : काका, लावली असं नाही. तो रकाना…

चंपतराव : रकान्याचं पोरीले इचारतो मी, तुमी सांगा. एक मोजला आन बाकीचे त्याच दस्तखतीवर गेले?

सुरेंद्र : पद्धत तशी आहे.

चंपतराव : अशी कशी पद्धत? म्या एका जागी काठी मारली आन टण्ण वाजलं, म्हून पुरी गॅलरी, खाणीतली सारी गल्ली, पास झाली का? दहा हात पुढं काय हाय ते कोणी ठोकलं? आमच्या खाणीतला नवा मजूर बी असं नाही बोलला कधी! पाऊल टाकलं की ठोकाचं, पाऊल टाकलं की ठोकाचं. पाठ दुखे, मान दुखे. तरी सोडलं नाही.

सुनयना : बाबा, बसा.

चंपतराव : तू बी बस. तुले बी इचाराचं हाय. जागा काऊन नाही लिहिली?

सुनयना : मी?

चंपतराव : तू नाही तं कोण? आमच्या वहीत पहिलाच रकाना तो. कितवी गॅलरी, कितव्या खांबापासून कितव्या खांबापतोर. ते नसलं तं मुनशी वही तोंडावर फेके. म्हणे, चंपत, हे छत कुठलं हाय, आभाळाचं का? आन तू इंजिनेर होऊन कोरं सोडलं?

सुनयना : तो एकच नग टेबलावर होता. समोर पडला होता. एकच हाय तं त्याचा नंबर काय लिहाचा, असं वाटलं. जेवाची सुट्टी झाली होती.

चंपतराव : चूक हाय तुही.

सुनयना : हाय.

चंपतराव : मघापासून मले सांगून राह्यली, साच्याची खिट्टी घासली, कोणी पाह्यलं नाही. तुहा कागद आला म्हूनच तं नाही पाह्यलं! कागद हाय, मंग खिट्टी कोण बदलन?

सुनयना : मले मालूम हाय, बाबा. शुक्रवारी सरांनी फाइल समोर ठेवली, तवाच कळलं. म्हून जेवण गेलं नाही.

चंपतराव : मंग जेवण सोडून काय होते? निस्तर.

सुनयना : निस्तरलं. काल दुपारी तुमी मळ्यात होते, तवा लिहून ठेवलं. सर, हे घ्या. दोन प्रती आहेत, सारख्या. एक तुमची.

सुरेंद्र : हे काय आहे?

सुनयना : वाचा ना. तुमच्या पानापेक्षा लहान आहे.

सुरेंद्र : 'मार्च महिन्यातील कागद फक्त सात क्रमांकाच्या नगासाठी होता. लागू असल्याचा रकाना माझ्याकडून कोरा राहिला. ही चूक माझी आहे. बाकीच्या कोणत्याही नगाला तो कागद लागू नाही. त्याच्या आधारावर गेलेले बारा नग परत काढून मोजावेत, ही विनंती.' सुनयना, तुला कळतंय का तू काय लिहिलंयस?

सुनयना : कळतंय.

सुरेंद्र : बारा सीटा उडतायत. त्या उतरवायला लागतील. फरशी उचकटावी लागेल. इन्स्पेक्टर आपला सगळा मागचा माल उघडून बघतील. तुझं नाव प्रत्येक मीटिंगमध्ये घेतलं जाईल, आणि चांगल्या अर्थानं नाही.

सुनयना : घेऊ द्या. माझ्या नावाला त्या नळावर काय काय म्हणून झालंय. त्याची मला सवय आहे.

सुरेंद्र : आणि वैभवचं पान?

सुनयना : त्याला खाली टेकायला काही उरत नाही. जुना कागदच नाही, तर नवा कशावर उभा करणार? त्याला सांगा, पहिल्या वर्षी कुणाच्या शिकवण्यानं फॅक्टर काढू नकोस. तुमच्याही.

सुरेंद्र : मंगळवारपर्यंत थांब. एवढंच मागतो. उद्याचा माल जाऊ दे, मंगळवारी आपण दोघं मिळून साचा थांबवू, खिट्टी बदलू, तू म्हणशील ती टेस्ट करू. हा कागद मंगळवारी दे.

सुनयना : मंगळवारी चौतीस आणखी गेलेले असतील. मग सेहेचाळीस परत मागवायचे.

सुरेंद्र : मी विनंती करतोय. तुला ह्या टीममध्ये घेण्यासाठी मी वर भांडलो होतो, विसरू नकोस.

सुनयना : विसरले असते तर हा कागद तुम्हाला दाखवलाच नसता. सरळ इन्स्पेक्टरांना पाठवला असता. मोबाइल बंद ठेवला तो त्यासाठीच. चालू केला असता तर काल रागात फोटो पाठवून मोकळी झाले असते. मग तुम्हाला बातमी तिसऱ्याकडून कळली असती. आता ऐका. तुम्ही हा कागद नेलात, तर तुमच्या हातून उद्या सकाळी इन्स्पेक्टरांच्या टेबलावर जाईल. नाही नेलात, तर मी आत्ता मोबाइल चालू करते. टावर झालाय गावात, बाबांना विचारा.

चंपतराव : झाला हाय. फुल रेंज.

सुरेंद्र : यात माझं नाव नाही लिहिलंस.

सुनयना : नाही.

सुरेंद्र : जुन्या कागदावर तपासणारा म्हणून माझी सही आहे. मीही पाहिला नव्हता तो रकाना. खरं सांगायचं तर उघडलंच नव्हतं पान. तुझी सही बघितली आणि माझी केली.

सुनयना : मी माझं लिहिलं. तुमचं तुम्ही लिहा, किंवा नका लिहू. त्यात मी नाही पडणार.

सुरेंद्र : चिडलेली असतीस तर बरं झालं असतं.

सुनयना : चिडलेच आहे. शुक्रवारपासून दात दुखतायत आवळून आवळून. पण तुमच्यावर कमी, माझ्यावर जास्त.

सुरेंद्र : …काका, पेन आहे का? माझं गाडीत राहिलं.

चंपतराव : हे घ्या. हिसाबाचं हाय, थोडं थांबून चालते.

सुरेंद्र : ही तुझी प्रत. 'मिळाला' लिहिलंय, तारीख, वेळ. अकरा वाजून दहा मिनिटं. झालं समाधान?

सुनयना : झालं.

सुरेंद्र : बाकी काय लिहायचं, ते मी ठरवतो. पावणेतीनशे किलोमीटर आहेत परत जायला. निर्मळच्या पुढं कुठं तरी थांबून माझं लिहीन, नाही तर थांबणारही नाही. मला माहीत नाही अजून.

सुनयना : सर, कागद मात्र उद्या सकाळी.

सुरेंद्र : नेतोय ना. सही केलीये मी.

सुनयना : दहापर्यंत इन्स्पेक्टरांचा फोन आला नाही, तर माझा फोटो जाईल.

सुरेंद्र : माझ्यावर विश्वास नाही?

सुनयना : आहे. तरी मोजणार.

सुरेंद्र : बरं. काका, येतो. चहा राहिला तुमचा.

चंपतराव : पुढच्या वेळी जेवून जाचं. जपून जा जी, हायवेवर ट्रक लय हायेत.

सुरेंद्र : सुनयना, उद्या ऑफिसला येणार आहेस का?

सुनयना : येणार. आठ वाजता.

सुरेंद्र : मी अडवणार नाही. पण मी पोचायच्या आत वर कळलं, तर सकाळी गेटवर तुझं कार्ड चालेल की नाही, सांगता येत नाही.

सुनयना : कार्ड चालेल की नाही ते गेट बघेल. मी येणार.

सुरेंद्र : ये.

चंपतराव : …गेली गाडी. माणूस वाईट नाही तुहा साहेब. घाबरला हाय.

सुनयना : मी बी घाबरली होती, बाबा. आता कळून राह्यलं.

चंपतराव : तवा नाही कळलं?

सुनयना : तवा नाही.

चंपतराव : मले बी मागूनच कळे. खाणीतून वर आलो की पांघरूण घेऊन बसत होतो. तुह्या मायले वाटे थंडी वाजते मले. आन ते बारा सीटा? खरंच खोलतील?

सुनयना : खोलावंच लागन. कागद गेला आता.

चंपतराव : आन मोजून चांगल्या निंगाल्या तं?

सुनयना : तं परत बसवतील.

चंपतराव : मंग लोक म्हणतील, उगाच खोलाले लावल्या.

सुनयना : म्हणू द्या.

चंपतराव : हं. म्हणू द्या. कोणत्या बसनं जाशीन?

सुनयना : गुडीहत्नूरहून संध्याकाळी पाचची.

चंपतराव : दोन सीटा सांग.

सुनयना : दोन कायले?

चंपतराव : मी येतो. कार्ड नाही चाललं तं गेटवर दोघं उभं राहू.